ऑफिसातल्या शंभर पीसींवर सॉफ्टवेअर बसवायचं कसं : यादीपासून रोलबॅकपर्यंत

पेनड्राईव्ह घ्यायचा, एकेका टेबलापाशी जायचं, काम करणाऱ्याला खुर्चीवरून उठवायचं, ॲडमिनचा पासवर्ड टाकून ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करायचं आणि पुढच्या टेबलाकडे वळायचं. दहा-बारा मशीन असतील तोवर हे निभतं. चाळीसच्या पुढे गेलं की वेळ तर जातोच, पण त्याहून मोठी अडचण वेगळी असते. कोणत्या मशीनवर काय आणि कुठल्या आवृत्तीचं बसलं आहे, हे ऑफिसात कोणालाच सांगता येत नाही. विनरार हे साधं उदाहरण. ते स्वतःहून अपडेट होत नाही. २०२३ मध्ये त्यातली एक गंभीर त्रुटी हल्लेखोर वापरत असल्याचं उघड झालं आणि ती ६.२३ या आवृत्तीत दुरुस्त झाली. पण ज्या मशीनवर पाच वर्षांपूर्वी कोणीतरी विनरार टाकून ठेवलं, तिथे ते आजही तसंच असण्याची शक्यता मोठी आहे.

हा लेख विंडोज असलेल्या, साधारण ४० ते २०० पीसींच्या ऑफिससाठी आहे, जिथे आयटीचं काम एक-दोन माणसं सांभाळतात. सॉफ्टवेअर सगळीकडे पाठवणं हा या कामातला सोपा भाग. ते पोहोचलं का आणि बिघडलं तर परत कसं घ्यायचं (यालाच रोलबॅक म्हणतात), मेहनत तिथे आहे. म्हणून वेळही तिथेच द्या.

आधी यादी

प्रत्येक मशीनवर काय बसलं आहे ते रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या, ‘अनइन्स्टॉल’ या कीखाली (कप्प्याखाली) मिळतं. ६४-बिट विंडोजमध्ये ही की दोन ठिकाणी असते, एक ६४-बिट सॉफ्टवेअरसाठी आणि एक ३२-बिटसाठी. दोन्हीकडे पाहा. तिसरी जागा हमखास विसरली जाते : वापरकर्त्याची स्वतःची रजिस्ट्री. झूम किंवा क्रोमसारखी सॉफ्टवेअर ॲडमिन हक्क नसतानाही वापरकर्त्याच्या प्रोफाईलमध्ये बसतात आणि त्यांची नोंद फक्त तिथेच होते.

ही यादी काढणारी पॉवरशेल (विंडोजची कमांड भाषा) स्क्रिप्ट लिहिताना ‘विन३२_प्रॉडक्ट’ हा डब्ल्यूएमआय क्लास, म्हणजे विंडोजला मशीनची माहिती विचारण्याचा एक तयार मार्ग, वापरू नका. इंटरनेटवरच्या निम्म्या स्क्रिप्टमध्ये तो सापडतो. त्याला नुसती यादी विचारली तरी तो मशीनवरच्या प्रत्येक एमएसआय (विंडोजचं स्वतःचं इन्स्टॉलर स्वरूप) पॅकेजची तपासणी सुरू करतो आणि काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्तीही करायला घेतो. चालू दिवसात हे शंभर मशीनवर झालं तर मशीन का मंदावल्या याचा शोध घेण्यात दुपार जाईल.

यादी हातात आली की ती खरेदीच्या बिलांशी ताडून बघा. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब खाली गुन्हा आहे आणि त्यात कैदेची तरतूद आहे. असं काही सापडलं तर ते मालकांच्या किंवा व्यवस्थापनाच्या कानावर लेखी घाला. मग यादीचे तीन भाग करा : सगळ्यांना लागणारं, एखाद्या विभागालाच लागणारं आणि काढून टाकायचं. प्रत्येक सॉफ्टवेअरसमोर ऑफिसातल्या एका माणसाचं नाव हवं. टॅली अपडेट करायचं की नाही हे अकाउंट्सने ठरवायचं, आयटीने नव्हे. आयटीने ते नीट पार पाडायचं.

साधन कोणतं घ्यावं

विंडोज सर्व्हर आणि डोमेन (सगळ्या मशीन त्या सर्व्हरला जोडलेल्या) असेल तर ग्रुप पॉलिसी, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या मशीनना नियम लावायची सोय, फुकटात हाताशी आहे. ‘सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन’मध्ये पॅकेज कॉम्प्युटरला असाइन केलं की मशीन चालू होताना ते बसतं. मर्यादा तीन आहेत. ते एमएसआय फाईलच घेतं, ईएक्सई घेत नाही. बसलं की फसलं याचा एकत्रित अहवाल देत नाही. आणि लॉगिनआधी वायफाय जोडलेलं नसेल अशा लॅपटॉपवर ते चालत नाही. डेस्कटॉपवरही ‘मशीन चालू होताना नेटवर्कची वाट पाहा’ ही पॉलिसी चालू केलेली हवी, नाहीतर विंडोज घाईत पुढे निघून जातं आणि सॉफ्टवेअर बसायचं राहतं. तिथला एक टिकबॉक्स जपून वापरा : मशीन त्या पॉलिसीच्या कक्षेबाहेर गेली की सॉफ्टवेअर काढून टाकणारा. तो लावलेला असेल तर एखादी मशीन एका ओयूतून (डोमेनमधल्या मशीनच्या गटातून) दुसऱ्यात हलवल्यावर सॉफ्टवेअर गायब होतं आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम घेतलेलं असेल तर त्यात इन्ट्यून, म्हणजे इंटरनेटवरून मशीन सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, येतं. अनेक ऑफिसं त्याचे पैसे भरतात आणि वापरतात फक्त आउटलूक. माणसं फिरतीवर असतील किंवा घरून काम करत असतील तर मी इन्ट्यूनच निवडेन, कारण त्याला मशीन ऑफिसच्या नेटवर्कवर असावी लागत नाही. फक्त धीर धरावा लागतो. विंडोज मशीन साधारण ८ तासांनी एकदा चौकशीला येते, तेव्हा बटण दाबल्यावर पाच मिनिटांत सगळीकडे दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

तिसरा मार्ग मॅनेजइंजिनच्या एंडपॉइंट सेंट्रलसारख्या स्वतंत्र साधनाचा. त्याआधी तुमच्या अँटिव्हायरसचा सर्व्हर कन्सोल उघडून पाहा. पुण्याच्या सीक्राईटसकट अनेकांच्या वरच्या योजनांमध्ये मशीनची यादी आणि पॅच मॅनेजमेंट आधीच असतं. डब्ल्यूएसयूएस (ऑफिसातल्या सर्व्हरवरून विंडोज अपडेट वाटणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) वापरत असाल तर ते चालू राहील, पण सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यात नव्या सुविधा येणार नाहीत असं जाहीर केलं आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यावर उभारणी करू नये.

पॅकेज बांधणं : सेव्हन-झिपचं उदाहरण

कोणतंही साधन घ्या, ते सॉफ्टवेअर ‘सिस्टम’ या खात्याखाली बसवतं. समोर स्क्रीन नसते, ‘नेक्स्ट’ दाबायला कोणी नसतं, आणि तुम्हाला दिसणारा नेटवर्कवरचा झेड ड्राईव्ह त्या खात्याला दिसत नाही. बहुतेक फसगत या एका गोष्टीतून होते. म्हणून फाईलचा पत्ता नेहमी दोन बॅकस्लॅश, सर्व्हरचं नाव, शेअरचं नाव असा पूर्ण द्या आणि त्या शेअरवर ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ या गटाला वाचण्याचा हक्क द्या. माणसांना दिलेला हक्क इथे कामाला येत नाही.

सेव्हन-झिपची एमएसआय फाईल मिळते. कमांड अशी रचायची : एमएसआयएक्झेक, मग /आय आणि फाईलचा पूर्ण पत्ता, मग काही न विचारता बसवण्यासाठी /क्यूएन, मशीन आपोआप रिस्टार्ट होऊ नये म्हणून /नोरिस्टार्ट, आणि शेवटी /एल*व्ही देऊन लॉगफाईलचा पत्ता. लॉग कधीही गाळू नका. काम फसलं की तोच एक साक्षीदार उरतो.

ईएक्सई असेल तर ती कशाने बांधली आहे ते बघा. इनो सेटअपची असेल तर /व्हेरीसायलेंट चालतं, एनएसआयएसची असेल तर /एस. यातला एस इंग्रजी मोठ्या अक्षरातलाच हवा; लहान अक्षर टाकलं तर इन्स्टॉलर विंडो उघडून बसतो, आणि सिस्टम खात्याखाली ती विंडो कोणालाच दिसत नाही. काम तासन्‌तास ‘चालू आहे’ दिसत राहतं.

सेव्हन-झिपमध्ये आणखी दोन बारकावे आहेत. पूर्वी कोणी ते ईएक्सईने बसवलं असेल तर नवी एमएसआय जुनी नोंद काढत नाही, यादीत दोन सेव्हन-झिप दिसतात. त्यामुळे आधी जुनं काढणारी ओळ आणि मग नवं बसवणारी ओळ, अशी छोटी स्क्रिप्ट करा. दुसरं म्हणजे राइट-क्लिक मेनूसाठीची त्याची डीएलएल फाईल विंडोज एक्सप्लोररने धरून ठेवलेली असते, त्यामुळे काम पूर्ण होऊनही रिस्टार्टची गरज राहू शकते.

याचा उलगडा एक्झिट कोडमधून, म्हणजे इन्स्टॉलर संपताना देतो त्या आकड्यातून, होतो, आणि हे पाच कोड पाठच असावेत. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, रिस्टार्ट बाकी आहे. याला अपयश मोजू नका. १६४१ म्हणजे झालं आणि इन्स्टॉलरने रिस्टार्ट सुरूही केला. १६१८ म्हणजे दुसरं काहीतरी बसतंय, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. १६०३ म्हणजे फसलं. हा शेवटचा कोड कारण सांगत नाही. लॉग उघडून त्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे इंग्रजी शब्द शोधा. कारण त्याच्या लगेच वरच्या ओळींत असतं : डिस्क भरलेली, फोल्डरवर हक्क नाही, किंवा जुन्या आवृत्तीचा अनइन्स्टॉलर सापडत नाही.

पॅकेजची चाचणी स्वतःच्या ॲडमिन लॉगिनने करून थांबू नका. पीएसएक्झेक (दुसऱ्या खात्याखाली किंवा दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारं मायक्रोसॉफ्टचं छोटं साधन) वापरून सिस्टम खात्याखाली कमांड विंडो उघडा आणि तीच ओळ तिथे चालवा. इथे चाललं तरच पॅकेज तयार.

बसलं आहे हे मशीनला कसं कळणार

याला डिटेक्शन रूल म्हणतात. इन्ट्यूनसारखी साधनं आधी हा नियम तपासतात आणि सॉफ्टवेअर नसेल तरच बसवतात. फोल्डर आहे का, एवढंच तपासू नका. अनइन्स्टॉलनंतरही रिकामं फोल्डर मागे राहतं. मुख्य ईएक्सई फाईलची आवृत्ती तपासा आणि नियम ‘बरोबर’ असा न ठेवता ‘एवढी किंवा जास्त’ असा ठेवा. क्रोम स्वतः अपडेट होतं. नियमात एकच आवृत्ती लिहिली असेल तर आठवड्याभरात सगळ्या मशीनवर क्रोम ‘नाही’ असं दिसू लागेल आणि साधन जुनी प्रत पुन्हा बसवायला धावेल.

टप्पे आणि तारखा

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राईकने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाईल जगभर पाठवली. सुमारे ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तोवर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकल्या होत्या. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पुष्कळ ग्राहकांनी त्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती मागे राहण्याची काळजी घेतलेली होती. तिचा उपयोग झाला नाही, कारण ही फाईल त्या टप्प्यांच्या बाहेरून थेट सगळ्यांकडे जात होती. तेव्हा आपल्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराला विचारा : तुमचं कोणतं अपडेट आमच्या हातात नाही?

जे हातात आहे ते तीन टप्प्यांत सोडा. पहिल्यात पाच-सहा मशीन, आणि त्या आयटीच्या नकोत. आयटीच्या मशीनवर ॲडमिन हक्क असतात, रॅम जास्त असते, तिथे सगळं चालतं. प्रत्येक विभागातली एक घ्या, स्टोअरमधली सर्वांत जुनी मशीनही घ्या, आणि काही बिघडलं की लगेच फोन करणारी माणसं निवडा. दुसऱ्या टप्प्यात वीस टक्के, मग उरलेले.

तारखांचा विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात, भारतात त्या रात्री साडेदहा-साडेअकराला. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो. मासिक रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख, पीएफ-ईएसआयची १५, जीएसटीआर-३बी ची २०. त्याआधी ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो. म्हणजे अपडेट नेमके अकाउंट्सच्या ऐन घाईत येतात. म्हणून पहिला टप्पा अपडेट आल्याच्या दुसऱ्या दिवशी अकाउंट्स वगळून, दुसरा त्याच आठवड्याच्या शेवटी, आणि अकाउंट्ससकट सगळे २१ ते २७ तारखेत. मार्चच्या उत्तरार्धात अकाउंट्सच्या मशीनला हात लावू नका. पुणे परिसरात गुरुवारी वीज दुरुस्तीसाठी बंद राहण्याची शक्यता असते, औद्योगिक भागात अनेकांची सुट्टीही गुरुवारीच. तो दिवस टाळलेला बरा.

याला अपवाद एकच. एखादी त्रुटी हल्लेखोर प्रत्यक्ष वापरत असतील तर थांबायचं नाही, दोन दिवसांत सगळे टप्पे उरकायचे. वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर १२ मे २०१७ ला पसरलं, त्याचा पॅच १४ मार्चलाच आलेला होता. जवळजवळ दोन महिने हातात होते.

रात्री अपडेट सोडण्याचा सल्ला परदेशी लेखांतून मिळतो. आपल्याकडे शेवटचा माणूस निघताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून जातो. मशीनला वीजच नसेल तर वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून मशीन चालू करायची सोय) तरी काय करणार? जेवणाची सुट्टी हीच हुकमी वेळ. आदल्या दिवशी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढं टाका :

‘उद्या बुधवारी दुपारी १ ते २ या वेळेत खरेदी आणि स्टोअर विभागाच्या मशीनवर सेव्हन-झिप अपडेट होईल. जेवायला जाताना फाईल सेव्ह करा, मशीन लॉक करा, पण बंद करू नका. परत आल्यावर रिस्टार्टचा मेसेज दिसला तर सोयीने ५ वाजेपर्यंत रिस्टार्ट करा. अडचण आली तर आयटीला फोन करा.’

टप्प्यांत न बसणारी सॉफ्टवेअर

टॅलीप्राइमला वरचे टप्पे लावू नका. सगळे एकाच कंपनीचा डेटा उघडत असतील तर सगळ्यांचा रिलीज एकच हवा. जुन्या रिलीजमधून ३.० किंवा पुढच्या रिलीजवर जाताना डेटा मायग्रेट होतो, आणि मायग्रेट झालेला डेटा जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही. म्हणजे अर्ध्या मशीन नव्या आणि अर्ध्या जुन्या ठेवल्या तर निम्मा विभाग बसून राहील. डेटाचा बॅकअप घ्या, तो दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून एका मशीनवर नवा रिलीज तपासा, टीडीएल कस्टमायझेशन (टॅलीत आपल्यासाठी करून घेतलेले खास बदल) असेल तर ते बनवणाऱ्याकडून होकार घ्या, आणि मग शनिवारी दुपारी सगळ्या मशीन एकदम बदला. लायसन्स देणाऱ्या मशीनचं गेटवे नेहमी ९९९९ या पोर्टवर ऐकतं. नव्या फायरवॉल पॉलिसीत ते अडलं की सगळ्यांकडे टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्सशिवायच्या मर्यादित रूपात, उघडतं.

डिजिटल सिग्नेचरचे डोंगल दुसरी डोकेदुखी. ईपास किंवा प्रॉक्सकी टोकनचा ड्रायव्हर, जीएसटी पोर्टलसाठीचं ईएमसाइनर, ही सगळी मिळून एक पॅकेज करा आणि ज्यांच्याकडे टोकन आहे त्या चार-पाच मशीनपुरतंच द्या. हे पॅकेज बदललं की त्या माणसाच्या शेजारी बसून एकदा सही करून पाहा. इथे अहवालातल्या हिरव्या खुणेवर भागत नाही. श्री-लिपीसारखी डोंगलवर चालणारी मराठी टायपिंगची पॅकेजेसही हातानेच बसवा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड मात्र विंडोजमध्येच असतो, त्यासाठी वेगळं काही पाठवावं लागत नाही.

लाईनवरचा ताण

३ जीबीचं पॅकेज १०० मशीनवर म्हणजे ३०० जीबी. १०० एमबीपीएसची लाईन पूर्ण वेगाने चालली तरी साडेसहा तासांवर जातात, आणि त्यात बाकी कोणाचा मेल उघडणार नाही. विंडोजमधलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू ठेवा : एका मशीनने उतरवलेले तुकडे त्याच नेटवर्कवरच्या इतर मशीन तिच्याकडून घेतात. त्यासाठी मशीनमशीनमध्ये ७६८० हा टीसीपी पोर्ट मोकळा हवा, जो अँटिव्हायरसच्या फायरवॉलने बंद केलेला सापडतो. रत्नागिरी किंवा वेर्ण्यासारख्या ठिकाणी छोटी शाखा असेल तर तिथल्या एका चालू राहणाऱ्या पीसीवर शेअर करून फाईल आदल्या रात्री कॉपी करून ठेवा.

मागे राहिलेल्या मशीन

पहिल्या दिवशी ऐंशी-नव्वद टक्के मशीनवर काम होतं. उरलेल्यांचा पाठपुरावा करण्याचा कंटाळा येतो, आणि धोका त्याच मशीनमध्ये साठत जातो. दर सोमवारी अर्धा तास त्यासाठी राखून ठेवा. कारणं ठरलेली असतात : सी ड्राईव्ह भरला, महिनाभर रिस्टार्ट नाही, लॅपटॉप सेल्सवाल्याच्या बॅगेत, किंवा मशीन कधीच भंगारात गेली आणि यादीत मात्र आहे. जिने तीस दिवस संपर्क केला नाही त्या मशीनपर्यंत चालत जा. इन्ट्यून असेल तर कारण मशीनवरच्या प्रोग्रामडेटामधल्या इन्ट्यून मॅनेजमेंट एक्स्टेन्शनच्या लॉगमध्ये सापडतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या मशीनची यादी वेगळी करा आणि बदलण्याचं बजेट मागताना हीच यादी पुढे ठेवा.

परतीची वाट आणि किल्ल्या

सॉफ्टवेअर पाठवण्याची ताकद म्हणजे सगळ्या मशीनवर काहीही चालवण्याची ताकद. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हे मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरलं. नेटवर्कमध्ये शिरल्यावर चोरलेले पासवर्ड आणि पीएसएक्झेक वापरून ते मशीनमागून मशीन पसरलं, म्हणजे आपलीच रोजची हत्यारं वापरून. न्हावाशेव्याच्या जेएनपीटीत मर्स्क समूहाकडून चालणाऱ्या टर्मिनलचं कामही त्यात ठप्प झालं. म्हणून सगळ्या मशीनच्या लोकल ॲडमिनचा पासवर्ड एकच ठेवू नका. विंडोज लॅप्स एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच येतं, ते प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देतं आणि ठराविक काळाने बदलतं. पॅकेजच्या शेअरवर लिहिण्याचा हक्क एक-दोन खात्यांनाच द्या. तिथली फाईल कोणी बदलली तर ती शंभर मशीनवर सिस्टम हक्कांनी चालेल. बिटलॉकरच्या (विंडोजमधलं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) रिकव्हरी किल्ल्यांची एक प्रत त्या सर्व्हरच्या बाहेर हवी. क्राउडस्ट्राईकच्या वेळी मशीन सेफ मोडमध्ये न्यायला त्याच किल्ल्या लागल्या, आणि ज्यांच्या किल्ल्या अडकलेल्या सर्व्हरवरच होत्या त्यांचं काम तिथेच खोळंबलं.

प्रत्येक पॅकेजसोबत आधीच्या आवृत्तीचा इन्स्टॉलर आणि नवी आवृत्ती काढण्याची कमांड त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पहिल्या टप्प्यातली एक मशीन घ्या, तिच्यावरून नवं काढा, जुनं बसवा आणि त्या माणसाला नेहमीची फाईल उघडून बघायला सांगा. ती उघडली की दुसऱ्या टप्प्याची तारीख ग्रुपवर टाका.